प्रस्तावना : शेवटचा हात कुणाचा?

सीएनसी मशीनवर अलार्म येतो तेव्हा मशीनपाशी एकच माणूस उभा असतो, ऑपरेटर. म्हणून पहिला ठपका त्याच्यावर. ‘काय केलंस रे?’ असे विचारणाऱ्या सुपरवायझरने उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरवलेले असते. वास्तविक त्या मशीनच्या पोटात जे काही लिहिलेले असते, त्यात ऑपरेटरचा वाटा सगळ्यांत कमी. लॅडर लिहिलेला असतो मशीन बनवणाऱ्या कारखान्यात. पॅरामीटर भरलेले असतात मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरने, आणि नंतर दुरुस्तीच्या निमित्ताने आलेल्या दोन-चार जणांनी त्यांत आपापल्या अकलेने फेरफार केलेले असतात. प्रोग्रॅम ऑफिसात कॅमवर निघालेला असतो. टूल ऑफसेट आदल्या पाळीच्या सेटरने घेतलेले असतात. एवढ्या हातांनी लिहिलेले ते मशीन निमूटपणे वाचते, शब्दशः पाळते, आणि कुठेतरी अडते. अडते तेव्हा समोर जो असेल त्याने बोलणी खायची. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार भोसरीपासून शिरोलीपर्यंत आणि साताऱ्यापासून सातपूरपर्यंत कोणत्याही एमआयडीसीत रोज चालतो.

हे पुस्तक त्या संन्याशाच्या बाजूने लिहिलेले आहे, म्हणून ते मला आवडले. लेखकाने कुठेही तसे म्हटलेले नाही. त्याने अलार्म, पॅरामीटर, प्रोग्रॅमच्या चुका आणि त्या शोधण्याचा क्रम एवढाच विषय घेतला आहे. पण प्रकरणामागून प्रकरण वाचताना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येतो : या मशीनला शेवटचा हात कुणाचा लागला आणि त्याने काय बदलले? काल चालत होते ते आज चालत नाही, तर मधल्या वेळात काहीतरी बदलले आहे. आकडा बदलला असेल, टूल बदलले असेल, तापमान बदलले असेल किंवा एखादी वायर सैल झाली असेल. आपोआप काही होत नाही. ‘काही केलं नाही साहेब, आपोआप झालं’ हे वाक्य ऑपरेटर घाबरून बोलतो, आणि त्याला घाबरवणाऱ्यांनी खरी माहिती मिळण्याची वाट स्वतःच बंद केलेली असते.

या यंत्रांचा जन्मच माणसाच्या हातातून आकडे काढून घेण्यासाठी झाला. १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ट्रॅव्हर्स सिटीत जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरच्या पंख्याची पाती बनवत असे. पात्याच्या आकाराचे टेम्प्लेट अचूक कापायचे तर वक्र रेषेवरचे भरपूर बिंदू हातात हवेत. पार्सन्स आणि त्याचा सहकारी फ्रँक स्टुलेन यांनी ते बिंदू आयबीएमच्या पंचकार्ड यंत्रांवर काढले. मग मिलिंग मशीनवर एकाने आकडे मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने एक्सचे चाक फिरवायचे, तिसऱ्याने वायचे. पुढे हे काम एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेकडे गेले आणि १९५२ मध्ये तिथे सिनसिनाटी कंपनीच्या हायड्रोटेल मशीनवर छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून चालणारे मिलिंग दाखवण्यात आले. शेकडो निर्वात नळ्यांचा तो कंट्रोल होता. पार्सन्सच्या तीन माणसांच्या पद्धतीत चूक झाली तर ती वाचणाऱ्याची की चाक फिरवणाऱ्याची, हे तिथल्या तिथे कळत असे. पट्टी आली आणि चूक करणारा माणूस मशीनपासून दूर गेला. तो दूर गेला तो आजतागायत.

पट्टीवर काय लिहायचे याचेही नियम ठरले. अमेरिकेत आरएस-२७४-डी हे मानक १९८० मध्ये पक्के झाले, मागोमाग आयएसओ ६९८३ आले. जी आणि एम कोडची भाषा जगभर एकच, असे आयटीआयच्या वर्गात शिकवतात ते यामुळे. ते अर्धेच खरे आहे. मानकाने काही कोड बांधून दिले, काही मोकळे सोडले, आणि कंट्रोल बनवणाऱ्यांनी मोकळ्या जागेत आपापली घरे बांधली. फॅनकच्या लेथवर ए, बी आणि सी अशा तीन जी-कोड पद्धती आहेत, आणि त्यांतली कोणती चालू हे एका पॅरामीटरच्या दोन बिट्सवर ठरते. ए पद्धतीत जी ९० म्हणजे टर्निंगची सायकल. मिलिंगवर वाढलेला प्रोग्रॅमर सवयीने पहिल्या ओळीत जी ९० लिहितो. त्याच्या डोक्यात अॅब्सोल्यूट मोड असतो, आणि लेथ मात्र सायकल मारायला निघते. तीच गत जी ९८ आणि जी ९९ची. व्हीएमसीवर ड्रिल भोकातून बाहेर आल्यावर किती उंच जाणार हे ते कोड ठरवतात, तर लेथच्या ए पद्धतीत फीड मिनिटाला की फेऱ्याला हे ठरवतात. लेथवर जी ९८ चालू राहिला आणि पुढे एफ ०.२ आला, तर टूल मिनिटाला ०.२ मिमी सरकते, म्हणजे मशीन गोठल्यासारखे दिसते. मग मेंटेनन्सवाल्याला हाक जाते, तो ड्राइव्ह उघडून बसतो, आणि दोष असतो प्रोग्रॅमच्या एका अक्षराअंकात.

दशांशचिन्हाचे प्रकरण लेखकाने चांगले सविस्तर लिहिले आहे आणि माझ्या मते ते एकटेच पुस्तकाची किंमत वसूल करते. फॅनकच्या अनेक मशीनवर एक्स ५०. आणि एक्स ५० यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. टिंब असेल तर पन्नास मिलिमीटर. टिंब नसेल तर तो आकडा सर्वांत लहान एककात मोजला जातो, म्हणजे पन्नास मायक्रॉन, ०.०५ मिमी. ३४०१ क्रमांकाच्या पॅरामीटरचा पहिलाच बिट हे ठरवतो. तो एक केला की बिनटिंबाचे ५० सुद्धा पन्नास मिलिमीटरच होतात. आता एकाच शेडमध्ये दोन मशीन शेजारी आहेत, एकावर हा बिट शून्य आणि दुसऱ्यावर एक. प्रोग्रॅम दुसऱ्यावर महिनोन्‌महिने चालला आहे. ऑर्डर वाढली म्हणून तोच प्रोग्रॅम पहिल्यावर टाकला, आणि जिथे टूलने मागे सरकून टरेट फिरवायचा होता तिथे ते पन्नास मायक्रॉन सरकून थांबले. टरेट फिरला तो थेट जॉबवर. इथे चूक कुणाची? प्रोग्रॅमरचा प्रोग्रॅम चाललेला होता, सेटरने ऑफसेट नीट घेतले होते, ऑपरेटरने सायकल स्टार्ट दाबले. दोन मशीनच्या पॅरामीटरची तुलना कुणीच केली नव्हती, आणि ती करणे हे कुणाचेच ठरलेले काम नव्हते. ‘मशीन ठोकली’ म्हणून ज्या घटनांची नोंद होते, त्यांतल्या कित्येक अशाच कुणाचेही नसलेल्या कामातून होतात.

स्थिर पृष्ठवेग, म्हणजे जी ९६, हा दुसरा असाच विषय. गणित सोपे आहे. कापण्याचा वेग मिनिटाला २०० मीटर ठेवायचा असेल तर १०० मिमी व्यासावर स्पिंडलला सुमारे ६३७ फेरे लागतात, २० मिमी व्यासावर ३,१८३. फेसिंग करत टूल मध्याकडे गेले की व्यास शून्याकडे जातो आणि कंट्रोल फेरे वाढवतच नेतो. म्हणून आधी जी ५० एस अमुक लिहून वरची मर्यादा घालायची असते. ती ओळ राहिली तर स्पिंडल आपल्या कमाल वेगापर्यंत जातो. वेग वाढला की चकचे जॉ केंद्रोत्सारी बलाने बाहेर ओढले जातात, पकड ढिली होते. स्पिंडलच्या मागून लांब बार बाहेर आला असेल तर तो वाकून चाबकासारखा फिरू लागतो. यात मशीन कुठलाच अलार्म देत नाही, कारण त्याच्या दृष्टीने सगळे हुकमाप्रमाणे चाललेले असते. अलार्म नसलेले दोष अलार्म असलेल्या दोषांपेक्षा धोक्याचे, हे लेखकाचे मत मला पूर्ण मान्य आहे. फक्त ते त्याने पुस्तकात फार उशिरा मांडले आहे.

ऑफसेटच्या पानावर होणारी एक चूक मी इथे मुद्दाम सांगतो, कारण ती पुस्तकात दोन ओळींत उरकली आहे. वेअरच्या रकान्यात एक्स −०.१४० आहे. इन्सर्ट झिजत गेला तसे पाळीभरात ऑपरेटरने ते हळूहळू इथवर आणले आहे. आता व्यास आणखी ०.०२ मिमी कमी करायचा आहे. −०.०२० टाइप करून अधिक-इनपुटची कळ दाबली तर −०.१६० होते, ठीक. पण शेजारची नुसती इनपुटची कळ दाबली गेली तर जुना आकडा पुसून −०.०२० राहतो, आणि पुढचा पीस हवा त्यापेक्षा ०.१४ मिमी मोठा येतो. मग दहा मिनिटे चर्चा होते बॅकलॅशची. ज्या दोन कळांमध्ये एवढा फरक आहे त्या पडद्याखाली एकमेकींना खेटून दिलेल्या आहेत, आणि पाळी संपत आली की माणूस थकतो. ऑपरेटरला बोल लावण्याआधी वेअरचा आकडा दर तासाला कागदावर उतरवण्याची सवय शॉपने लावली असती, तर हा दोष अर्ध्या मिनिटात सापडला असता.

हाताच्या यादीत सहसा न येणारा एक माणूस म्हणजे स्टोअरकीपर. ०.४ मिमी नोज रेडियसचे इन्सर्ट संपले म्हणून त्याने ०.८चे दिले. सेटरने टूल नव्याने टच करून ऑफसेट घेतला. सरळ व्यास बरोबर, फेस बरोबर, पण ४५ अंशाच्या चॅम्फरवर माल जास्त राहतो. किती? भूमितीने पाहिले तर दोन त्रिज्यांच्या फरकाच्या ०.४१४ पट, म्हणजे ०.१७ मिमीच्या आसपास. कारण जी ४२ चालू असताना कंट्रोल आर रकान्यातली त्रिज्या धरून टेपर आणि गोलाईची वाट काढतो, आणि त्या रकान्यात अजून ०.४ आहे. टिपचा क्रमांक चुकला तरी अशीच लक्षणे दिसतात. सरळ माप बरोबर आणि तिरके चूक, ही खूण एकदा लक्षात बसली की बॉलस्क्रूकडे पाहायचीसुद्धा गरज उरत नाही.

इथे या पुस्तकाचा खरा गाभा येतो. लेखक सांगतो की चूक किती आहे हे पाहण्याआधी ती कोणत्या आकाराची आहे ते पाहा. सगळी मापे एकाच दिशेला सारख्याच अंतराने सरकली असतील तर ऑफसेट किंवा जॉबचा शून्य पाहावा. चूक लांबीच्या प्रमाणात वाढत असेल, म्हणजे १०० मिमीला एक पट आणि ३०० मिमीला तीन पट, तर स्क्रूचा पिच, पॅरामीटरमधले गुणोत्तर किंवा तापमान. अक्षाने दिशा बदलली तेव्हाच दिसत असेल तर बॅकलॅश, कपलिंग, लॉकनट. दर पीसला थोडी थोडी वाढत असेल तर इन्सर्टची झीज किंवा तापणारा स्क्रू. कधी येते, कधी येत नाही, अशी असेल तर क्लॅम्पिंग, कनेक्टर, अर्थिंग. मशीनला हात न लावता, नुसते पाच पीस ओळीने मापून निम्मे काम होते. आमच्याकडे पाच पीस मापण्याचा धीर नसतो. पॅनेल उघडण्याची घाई मात्र असते.

तापमानाचे पाहा. पोलादाची एक मीटर लांबी एका अंशाला सुमारे साडेअकरा मायक्रॉन वाढते. लेथच्या एक्स अक्षाच्या स्क्रूची कामाची लांबी २०० मिमी धरली आणि तो सकाळपासून दुपारपर्यंत पाच अंश तापला, तर साडेअकरा मायक्रॉन. लेथवर एक्सचे माप व्यासाचे, म्हणजे जॉबवर तेवीस मायक्रॉन. टॉलरन्स वीस मायक्रॉनचा असेल तर पहिला पीस पास आणि जेवणाच्या सुट्टीआधीचा नापास. यावर उपाय म्हणून सकाळी मशीन थोडा वेळ रिकामे चालवून गरम करावे, हे सगळ्यांना माहीत असते. ते करू दिले जाते का, हा प्रश्न मालकाला विचारायचा.

आता अलार्मविषयी. फॅनकच्या पडद्यावर ४११ आला, नव्या कंट्रोलवर एसव्ही ०४११, की बहुतेकांना वाटते सर्व्हो ड्राइव्ह गेला. तो अलार्म ड्राइव्हबद्दल काहीच म्हणत नाही. त्याचे म्हणणे एवढेच, की अक्ष चालू असताना जिथे असायला हवा होता तिथून ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त मागे पडला. का मागे पडला, हे शोधणाऱ्याने शोधायचे. वंगणाची टाकी रिकामी आहे, स्लाइडच्या कव्हरखाली चिप्स अडकल्या आहेत, उभ्या झेड अक्षाचा ब्रेक सुटलेला नाही, मोटरच्या कनेक्टरमध्ये कूलंट शिरले आहे, टूल बोथट होऊन जॉबमध्ये रुतले आहे, यांतले काहीही चालते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसे इथे अलार्म एकीकडे आणि दुखणे दुसरीकडे. लेखकाने दिलेला क्रम मला पसंत आहे : आधी वंगण, मग हाताने आणि डोळ्याने दिसणारे अडथळे, मग लोड मीटर, मग केबल, आणि ड्राइव्ह सर्वांत शेवटी. खर्चाच्या चढत्या क्रमाने जावे, एवढेच त्याचे सूत्र. बाजारात मात्र नेमके उलटे होते, कारण ड्राइव्ह बदलणाऱ्याला बिल लावता येते आणि चिप्स झाडणाऱ्याला लावता येत नाही.

४११च्या बाबतीत एक वाईट शॉर्टकट आहे. चालत्या अक्षाने किती मागे पडलेले चालेल, ती मर्यादा १८२८ या पॅरामीटरमध्ये असते. आकडा वाढवला की अलार्म जातो. जातो खरा, पण अक्ष तितकाच मागे पडत राहतो, मोटर तितकीच तापत राहते, आणि कोपरे गोल यायला लागतात. बॅकलॅशच्या १८५१चेही तसेच. स्क्रूच्या बेअरिंगचा लॉकनट सैल आहे म्हणून तीस-चाळीस मायक्रॉन हलते, तेवढा आकडा भरून टाकला की डायल इंडिकेटर समाधानी. कटिंगचा भार आल्यावर सैल स्क्रू कोणत्या बाजूला ओढला जाईल, ते मात्र पॅरामीटरच्या हातात नसते. अशा मशीनवर नंतर येणाऱ्या माणसाची खरी पंचाईत होते. त्याला दोष दिसत नाही, कारण तो आकड्याखाली गाडलेला असतो, आणि तो आकडा कुणी, कधी, का भरला याची नोंद कुठेच नसते. कारखान्यातून आलेली मूळ यादी पॅनेलच्या दारामागे प्लॅस्टिकच्या पाकिटात असते. ती काढून आजच्या आकड्यांशी ताडून पाहणे हे मेंटेनन्सच्या माणसाचे पहिले काम असायला हवे. शंभरात नव्वद जण ते पाकीट उघडतही नाहीत, असे मी म्हणणार नाही, कारण मोजलेले नाही. पण पाकिटावरची धूळ बरेच काही सांगते.

या दोषांत डोळ्याला फसवणारा एक आहे, त्यासाठी बॉलबारचे प्रकरण जरूर वाचावे. व्हीएमसीवर वर्तुळ कापले आणि ते ४५ अंशात लांबट आले, तर दोन संशयित असतात. एक्स आणि वाय अक्ष काटकोनात नाहीत, किंवा दोन्ही सर्व्होंचा प्रतिसाद सारखा नाही. पहिल्यात मेकॅनिकल कामाला माणसे लागतात, दुसऱ्यात पॅरामीटरला. ओळखायचे कसे? तेच वर्तुळ घड्याळाच्या दिशेने आणि उलट दिशेने फिरवून पाहा. लांबटपणा दोन्ही वेळा त्याच बाजूला झुकलेला राहिला तर काटकोन बिघडलेला आहे. दिशा बदलताच तो दुसऱ्या बाजूला झुकला तर सर्व्हो. दहा मिनिटांच्या या चाचणीने आठवड्याचे काम वाचते. मराठीत हे इतके स्वच्छ लिहिलेले मी प्रथमच वाचले.

दिवाळीनंतरच्या सोमवारी सर्व्हिस इंजिनिअरांचे फोन का वाजत राहतात, तेही इथेच सांगायला हवे. अॅब्सोल्यूट एन्कोडर असलेल्या मशीनला बंद असतानाही आपली जागा आठवते, ती बॅटरीच्या जोरावर. बॅटरी क्षीण झाल्याचा इशारा पडद्यावर महिनोन्‌महिने दिसत असतो. मशीन चालते आहे ना, मग बघू. सुट्टीत चार-पाच दिवस मेन स्विच बंद राहतो, बॅटरी तेवढ्यात संपते, आणि मशीन सुरू केल्यावर ३०० चा अलार्म येतो : अक्षाचा शून्य हरवला. तो नव्याने बसवावा लागतो, आणि घाई झालेला माणूस तो नजरेने बसवतो. लेथवर सगळे ऑफसेट सरकतात, तेवढ्यावर भागते. व्हीएमसीवर झेडच्या शून्यावरच टूल बदलण्याची उंची अवलंबून असते. तो मिलिमीटरभर चुकला तरी एटीसीचा हात टूलच्या खाचेत नीट बसत नाही, आणि एके दिवशी टूल टेबलावर येते. म्हणून शून्य बसवताना यंत्रावरच्या खुणेशी किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतराशी ताडा, आणि बॅटरी बदलायची ती कंट्रोल चालू असताना. बंद करून बदलली की आपल्याच हाताने तो अलार्म बोलावून घेतल्यासारखे होते.

खंडेनवमीला आपण मशीन धुऊन पुसून हळदकुंकू लावतो, झेंडूची माळ घालतो. त्याच दिवशी प्रत्येक मशीनचा बॅकअप घ्यावा, ही लेखकाची सूचना मला फार आवडली. पॅरामीटर, ऑफसेट, मॅक्रोचे आकडे, प्रोग्रॅम आणि लॅडर, सगळे एका कार्डावर, कार्डावर मशीनचा नंबर आणि तारीख. मेमरी पुसली गेली तर त्या कार्डाशिवाय मशीन म्हणजे नुसते ओतीव लोखंड. जुन्या मशीनवर लॅपटॉप आणि आरएस-२३२ केबल लागते. ती केबल दोन्ही बाजूंची वीज बंद असताना लावावी. लॅपटॉप आणि मशीन यांच्या अर्थिंगमध्ये फरक असेल तर जिवंत केबल लावताना पोर्ट जळतो, आणि बॅकअप घ्यायला गेलेला माणूस मशीनच बंद पाडून परततो.

विजेच्या प्रश्नांवर लेखकाने एक अख्खे प्रकरण दिले आहे. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातले व्होल्टेज मोजा, अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घाला, पॅनेलचा एसी बंद पडला तर दार उघडे ठेवून पंखा लावू नका कारण पंखा कूलंटची वाफ आत ढकलतो. हे सगळे योग्य आहे आणि वाचणाऱ्याला आधीच माहीत आहे.

शेवटून दुसरे प्रकरण लाकडाच्या राउटरवर आहे, आणि काही जण ते या पुस्तकात का, असे विचारतील. मला ते योग्य वाटते. दारे, देवघरे, जाळ्या कोरणाऱ्या छोट्या कारखान्यांत आता मॅक ३ किंवा जीआरबीएलवर चालणारी मशीन आली आहेत आणि त्यांच्या मालकांना कुठला सर्व्हिस इंजिनिअर नसतो. तिथे कॉन्फिगरेशन म्हणजे थेट गणित. मोटरचे फेऱ्याला २०० टप्पे, ड्राइव्हरवर आठची विभागणी, स्क्रू ५ मिमी पिचचा : मिलिमीटरला ३२० टप्पे. जीआरबीएलमध्ये हा आकडा एक्ससाठी डॉलर १०० या सेटिंगमध्ये जातो. ड्राइव्हरवरचे छोटे स्विच चुकून सोळाच्या विभागणीवर गेले तर सगळे नक्षीकाम बरोबर निम्म्या मापाचे निघते. बरोबर निम्मे, दुप्पट, चौपट असे माप आले की दोष सेटिंगमध्ये. आणि नक्षी अर्ध्यावरून एका बाजूला घसरत गेली तर मोटर टप्पे चुकवते आहे. तिथे प्रवेग कमी करा, कपलिंग घट्ट करा, ड्राइव्हरचा करंट पाहा. चूक कोणत्या आकाराची, हा मोठ्या मशीनवरचा प्रश्न इथे अधिक ठळकपणे दिसतो, म्हणून नवशिक्याने हे प्रकरण आधी वाचले तरी चालेल.

माझ्या तक्रारी दोन. उदाहरणे जवळजवळ सगळी फॅनकची आहेत. आपल्या शेडमध्ये पिवळे डबे जास्त हे खरे, पण सिमेन्सच्या ८२८-डीवर काम करणाऱ्या मुलाला बॅकलॅशचा आकडा ३२४५० या मशीन डेटामध्ये सापडतो, १८५१ मध्ये नाही. निदान प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी त्याचा एक समांतर तक्ता हवा होता. दुसरी तक्रार थोडी मतभेदाची आहे. लेखक म्हणतो, ऑपरेटरकडे पॅरामीटरचा पासवर्ड नसावा. मला वाटते पासवर्ड नसावा, पण पॅरामीटरचे पान पाहता यायला हवे, आणि त्यातल्या दहा-बारा आकड्यांचा अर्थ त्याला सांगितलेला असावा. ज्याला आकडा दिसतो तोच तो बदललेला ओळखतो, आणि पाळीत आठ तास मशीनसमोर तोच असतो. पाच अक्षांच्या मशीनवर या पुस्तकात काही नाही. दुसऱ्या आवृत्तीत ते आणि सिमेन्सचे तक्ते आले, तर पॅनेलच्या दारामागच्या पाकिटात हे पुस्तकही ठेवावे, असे मी सुचवीन.